आत्याची पापणी आणि माझा सेन्सर

आत्या अंडं पापणीला लावते हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सात वर्षांचा होतो, आणि हिचं डोकं फिरलंय असं घरी येऊन मी सरळ सांगून टाकलं होतं. वडिलांनी पाठीत धपाटा घातला. पुढे कळलं की अंडी उबवणाऱ्या जुन्या माणसांची ही रीतच आहे. हाताची कातडी कामाने जाड होते, उबेतला बारीक फरक तिला कळत नाही. पापणीची कातडी पातळच राहते. मशीनमधून अंडं काढायचं, मिटल्या डोळ्यावर दोन श्वास धरायचं, आणि ऊब बरोबर आहे की नाही ते ओळखायचं. आत्याला अर्ध्या अंशाचा फरक कळायचा. काचेचा थर्मामीटर घेऊन मी तिला किती वेळा खोटं पाडायला गेलो असेन! एकदाही जमलं नाही, आणि त्याचा मला मनापासून राग यायचा.

तिच्याकडे मशीन एकच. पत्र्याचं, कपाटासारखं, पण चार कपाटं शेजारी लावावीत एवढं मोठं. पुढे काचेची दोन दारं, आत ट्रेच्या मांडण्या, आणि मागच्या भिंतीला आतली हवा ढवळणारा मोठा पंखा. एका वेळी दोन हजार चारशे अंडी. एकवीस दिवसांनी पिल्लं. आसपासच्या ज्यांच्या ज्यांच्या परड्यात खुराडं आहे ते सगळे तिच्याकडूनच पिल्लं न्यायचे. नवरा गेल्यावर हे मशीन तिने एकटीने चालवलं, मुलाला शिकवून बोटीवर नोकरीला पाठवलं, आणि सून घरात आली तेव्हा तिला पहिल्याच आठवड्यात मशीनसमोर उभं केलं. सून शिकत होती. दोन वर्षं झाली तरी आत्या म्हणायची, "अजून हिची पापणी घाबरते."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. आत्याला डोळा एकच. डावा लहानपणी चुना उडून गेला. त्या पापणीवर जाड व्रण आहे, तिला ऊन लागतंय की पाऊस तेही कळत नाही. जे काही बघायचं ते उजव्याने, आणि अंडं लावायचं तेही उजव्यालाच. त्या उजव्यात मोतीबिंदू उतरला.

डॉक्टरबाईंनी तारीख दिली आणि बजावलं, शस्त्रक्रियेनंतर महिनाभर डोळ्याला बोटसुद्धा लावायचं नाही. वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. तुम्हाला डोळा एकच आहे हे लक्षात ठेवा, असंही म्हणाल्या. त्या संध्याकाळी आत्या माझ्या दुकानात आली.

माझं दुकान बाजाराच्या रस्त्यावर आहे. फोन, कॅमेरे, संगणक, दुरुस्ती. इंजिनीअरिंगची परीक्षा तीन वेळा देऊन सोडून दिली, म्हणून आत्या मला लाडाने इंजिनीअर म्हणते. ती म्हणाली, "महिनाभर पापणीची सुट्टी आहे. त्या जागी काहीतरी दे."

मी वीस वर्षं या वाक्याची वाट बघत होतो. दुकानातला सगळ्यात भारी फोन तिच्यापुढे ठेवला. त्याच्याबरोबर बिनवायरचा सेन्सर, मशीनच्या हीटरला जोडायचा कंट्रोलर, आणि सगळं हातातल्या पडद्यावर दाखवणारं ॲप. आत्याने फोन हातात घेतला नाही. आधी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, माझ्या दुकानात हात ओले केले आणि ओल्या बोटाने पडद्यावर टिचकी मारली. पडदा हलला नाही. मग तिने पिशवीतून रबरी हातमोजे काढून घातले. पडदा हलला नाही. मग फोन घेऊन ती रस्त्यावर मावळतीच्या उन्हात गेली आणि म्हणाली, "यात मला माझंच तोंड दिसतंय."

"आत्या, गिऱ्हाइकं बघतायत."

"बघू देत. हा ओरडतो किती?"

मी अलार्म लावला. ती रस्ता ओलांडून टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरजवळ पाठ करून उभी राहिली. मी तीनदा वाजवला. ती एकदाही वळली नाही. परत आली आणि खालच्या, धूळ खात पडलेल्या फळीकडे बोट दाखवून म्हणाली, "ते काय आहे?"

तो होता वायरचा साधा मीटर. लांब वायर, टोकाला बोटाएवढी नळी, मोठे लाल आकडे आणि कान फाटेल असा भोंगा. शीतगृहवाले नेतात. शेजारी बटणांचे फोन पडलेले होते. आत्याने मोजे घातलेल्या बोटांनी बटणं दाबून पाहिली आणि म्हणाली, "हा फोन आणि तो भोंगा, हे दोन दे."

इथे माझं डोकं फिरलं. दवाखान्याचे, पतपेढीचे कॅमेरे बसवणारा माणूस मी, आणि माझ्या सख्ख्या आत्याच्या मशीनवर शीतगृहाचा भोंगा! लोक काय म्हणतील? मी म्हणालो, "हे गेल्या जमान्यातलं आहे, आत्या."

"कोंबडीही गेल्याच जमान्यातली आहे रे."

मी तोंड पाडलं. लहानपणापासून मला ते चांगलं जमतं. भोंग्याने फक्त भोंगा वाजेल, माझं यंत्र स्वतः हीटर कमीजास्त करेल, तुला उठावंसुद्धा लागणार नाही, सून कुठेही असली तरी तिला फोनवर कळेल, असं बरंच काही बोललो. शेवटी ती माझ्या पडलेल्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बरं बाबा. तुझं शिक्षण, तुझी अक्कल. लाव." आपलंच घोडं पुढे दामटलं की कधीकधी ते जातंही पुढे. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

बसवायला गेलो तेव्हा आत्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होती. मशीनमध्ये अंडी भरून नऊ दिवस झाले होते. सेन्सर मी मागच्या मांडणीवर ठेवला, दार लावलं, आणि ॲप कोरं झालं. पत्र्याच्या पेटीतून वायफाय बाहेर येईना. मधल्या मांडणीवर ठेवला, एकदा आकडा दिसला, पुन्हा गेला. दाराच्या काचेला आतून चिकटवला तेव्हा रेंज पूर्ण आली. सदतीस पूर्णांक पाच. काचेच्या थर्मामीटरने मागे बघितलं, तिथेही जवळजवळ तेवढंच. पंखा हवा ढवळतोय, मग इथे काय नि तिथे काय. सून बाजूलाच उभी होती. म्हणाली, "भावोजी, आई नेहमी मागचंच अंडं काढतात." मी म्हणालो, "त्यांच्या पापणीला रेंज लागत नाही." ती हसली. मीही हसलो.

ऊब चढली की वाजणारी मशीनवरची जुनी गजर-घंटा मी काढून टाकली, ती गंजली होती. काचेचा थर्मामीटर आता कशाला लागतोय म्हणून माझ्या हत्यारांच्या पेटीत टाकून दुकानात घेऊन गेलो. इतकी अक्कल एका दिवसात कुणी वापरू नये.

अठराव्या दिवशी दुपारी मी आत्याच्या घरी होतो. शस्त्रक्रियेला नऊ दिवस झाले होते. डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटपट्टीने बसवलेली, तिच्यातून तिला धूसर दिसायचं. मशीनच्या शेजारच्या खोलीत ती पलंगावर पडली होती, मी खुर्चीत. सून आत ट्रे बघत होती. मी ॲपमधला आलेख दाखवत होतो, अठरा दिवसांतले नऊ माझ्या यंत्राचे, आणि रेघ कशी सरळ आहे ते सांगत होतो. जिला दिसत नाही तिला आलेख दाखवणारा मी.

आत्या मधेच म्हणाली, "गप्प बस जरा."

भिंतीपलीकडून मशीनची घरघर येत होती, नेहमीसारखी.

"पंखा दमलाय," ती म्हणाली.

मी फोन बघितला. "साडेसदतीस आहे, आत्या. अगदी बरोबर."

"मी आकडा विचारला नाही. पंखा दमलाय."

ती उठून बसली. मी म्हणालो उठू नकोस. ती भिंतीला हात लावत मशीनपाशी गेली. सुनेला म्हणाली, "मागच्या मांडणीतलं दे." सुनेने दार उघडून खांद्यापर्यंत हात आत घातला, अंडं काढलं आणि दार पटकन लावलं. आत्या म्हणाली, "लाव."

सुनेने अंडं पापणीवर धरलं. तिचा चेहरा बदलताना मी पाहिला. मग तिने डोळा उघडला आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं.

"गरम वाटतंय, आई. पण फोनवर बरोबर आहे."

"फोन राहू दे. तुला काय वाटतं?"

"मला नाही अजून नीट कळत."

इथे घोडं अडलं. अठराव्या दिवशी अंड्यात पूर्ण वाढलेलं पिल्लू असतं, त्याची स्वतःची उष्णता असते. ऊब चढली तर अर्ध्या तासात सगळं उकडून जातं. पण ऊब बरोबर असताना दारं सताड उघडली तर गार हवेने पिल्लं दगावतात. उघडायचं की नाही हे नक्की कळल्याशिवाय हात लावता येत नाही. आणि थर्मामीटर माझ्या दुकानात होता, गाडीवर जायला-यायला चाळीस मिनिटं.

मी म्हणालो, "आत्या, यंत्र खोटं बोलत नाही. तू विनाकारण घाबरवतेयस तिला." मी हे मोठ्या आवाजात बोललो. आवाज चढला की मला आपलंच खरं वाटायला लागतं.

आत्याने सुनेच्या हातातून अंडं घेतलं, आणि दुसऱ्या हाताने डोळ्यावरच्या वाटीची चिकटपट्टी सोडवली.

"आत्या, नको."

मी तिचं मनगट धरलं. तिने ते इतक्या शांतपणे सोडवलं की मला पुन्हा धरायची हिंमत झाली नाही. वाटी बाजूला झाली. लाल, सुजलेली पापणी मिटलेली होती. तिने त्यावर अंडं टेकवलं. एक श्वास. दोन श्वास. मशीनची घरघर मला आता खरंच हळू ऐकू येत होती, किंवा भीतीने तसं वाटत होतं.

"चाळीस आहे," ती म्हणाली. "दारं उघड."

सुनेने दोन्ही दारं उघडली. गरम हवेचा लोट तोंडावर आला, आणि तेव्हा मला जे सुचायला हवं होतं ते सुचलं. काचेवरचा सेन्सर मी उपटला आणि हात लांब करून मागच्या मांडणीवर धरला. फोनवरचा आकडा चढायला लागला. अडतीस पूर्णांक चार. एकोणचाळीस पूर्णांक एक. एकोणचाळीस पूर्णांक नऊ. आणि मग रेंज गेली, पडदा कोरा झाला. या कामाला वीस सेकंदं लागली. आत्याने अंडं डोळ्याला लावायच्या आधी मी ही वीस सेकंदं खर्च केली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. हे मी तेव्हापासून रोज स्वतःला ऐकवतो.

पंख्याचा पट्टा सैल होऊन घसरत होता. हवा ढवळली जाईना. मागे उष्णता साठत होती, आणि दाराच्या काचेजवळ गारवा होता. माझा सेन्सर त्या गारव्यात बसून हीटरला सांगत होता, अजून ऊब दे, अजून दे. यंत्र खोटं बोललं नव्हतं. मी त्याला जिथे बसवलं तिथलं ते खरं सांगत होतं.

सून स्टुलावर चढून पट्टा आवळायला लागली. आत्याने मला पुठ्ठा दिला आणि वारा घाल म्हणाली. मी पाऊण तास वारा घातला. ती वाटी पुन्हा डोळ्यावर चिकटवून खुर्चीत बसली, आणि अंडी हळूहळू निवताना सुनेला एकेक पापणीला लावायला सांगत राहिली. "आता?" "अजून गरम." "आता?" "आता बरं आहे, आई." सून फोनकडे बघत नव्हती. फोन होता माझ्या खिशात, आणि तिथे तो ठीक होता.

त्याच संध्याकाळी मी वायरचा मीटर आणला, पत्र्याला मागून भोक पाडलं आणि नळी आत्याने सांगितली तिथे, मागच्या मांडणीच्या मधोमध बसवली. तिने बोटाने चाचपून बघितली. "बरं झालं," एवढंच म्हणाली. मला शिव्या घालून घ्यायच्या होत्या. तिने घातल्या नाहीत.

विसाव्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला. "भावोजी, डोळा लालबुंद झालाय. रात्रभर ठणकत होता, पण सांगितलंच नाही."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी डोळ्यात दिवा मारून बराच वेळ बघितलं. त्या दवाखान्यात मी बसवलेले कॅमेरे छतावरून आमच्याकडे बघत होते. बाई म्हणाल्या, "हे कशाने झालं? काही लागलं? पाणी गेलं?"

"धूळ गेली असेल," आत्या म्हणाली.

"कुठली धूळ?"

"घरातलीच. केर काढत होती सून."

बाईंनी मान हलवली आणि थेंब लिहायला घेतले. मी मूग गिळून बसलो. आत्या खोटं का बोलली ते मला कळत होतं. खरं सांगितलं तर बाई म्हणतील मशीन बंद करा, आणि मशीन बंद झालं तर ती जगणार कशी. आणि मी गप्प का होतो? मलाही ते कळत होतं. याच बाईंनी मला म्हटलं होतं, तुमचं काम चोख असतं. त्यांच्यासमोर, सुनेसमोर, कॅमेऱ्यांसमोर मला सांगावं लागलं असतं की मी सेन्सर कुठे लावला आणि का. पेन कागदावर सरकत होतं. धुळीसाठी असेल ते औषध बाई लिहीत होत्या.

"अंडं लागलंय," मी म्हणालो.

पेन थांबलं. "काय?"

"कोंबडीचं अंडं. उबवायच्या मशीनमधलं. तिने पापणीला लावलं, ऊब बघायला. परवा दुपारी. मी यंत्र चुकीच्या जागी बसवलं होतं, आणि ते बरोबर आहे म्हणून भांडत होतो. तिच्याकडे दुसरा उपाय नव्हता."

आत्या म्हणाली, "अरे, कशाला."

बाईंनी तो कागद फाडून टाकला. उठल्या, परिचारिकेला हाक मारली, कसलासा नमुना घ्यायला सांगितला. कोंबडीच्या अंड्यावरचा संसर्ग म्हणजे औषध पूर्ण वेगळं, तासातासाला, आणि आज इथेच राहायचं. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "धूळ म्हणून घरी पाठवलं असतं तर दोन दिवसांत डोळा गेला असता."

आत्या पलंगावर पडल्यावर मी शेजारी बसलो. ती माझ्यावर रागावलेली होती. मशीन बंद करायला लावतील म्हणून. मी म्हटलं, नाही लावणार, मी बोलेन. ती म्हणाली, "तू फार बोलतोस." मग थोड्या वेळाने, "पिल्लं उद्या निघतील. तू जा. सून एकटी आहे. सगळं बघ आणि मला येऊन सांग."

दुसऱ्या दिवशी मी तिथेच होतो. पुढच्या आणि मधल्या मांडण्यांत पहाटेपासून टरफलं तडकत होती, ओली पिल्लं धडपडत बाहेर येत होती, किलबिलाटाने कान बधिर झाले. मागच्या मांडणीतले चार ट्रे तसेच होते. सून त्यांच्यासमोर उभी राहिली. मी दुपारपर्यंत वाट बघितली, संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मग दवाखान्यात गेलो.

"किती?" आत्याने विचारलं.

"अठराशेच्या वर निघालीत."

"मागचे?"

वाटेत मी ठरवलं होतं की शे-दीडशे सांगायची. तिला आता घरी जाऊन बघता येणार नव्हतं, आणि सुनेलाही मी तसंच सांगायला लावू शकलो असतो.

"मागचं एकही नाही, आत्या."

तिच्या डाव्या, व्रणाच्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यात औषध होतं, तिथून यायला मनाई होती. मी रुमालाने टिपलं. मलाही रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

तीन आठवड्यांनी शेवटची तपासणी झाली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. पहिल्या तीन ओळी तिने भराभर वाचल्या, चौथी अडखळत, पाचवीपाशी थांबली. बाई म्हणाल्या, "एवढंच राहील. यापेक्षा जास्त नाही येणार." माणसं ओळखू येतील, कामं करता येतील, बारीक आकडे मात्र नाही दिसणार, आणि संध्याकाळी एकटीने बाहेर जायचं नाही. आत्याने मान हलवली. अंडं आता सुनेच्याच पापणीला, असं तिनेच बाईंना सांगितलं, कुणी न विचारता.

आम्ही बाहेर आलो. दवाखान्याचा जिना अरुंद आणि अंधारा. आत्याने आयुष्यात कुणाचा हात धरलेला मी पाहिला नव्हता, लग्नातल्या फोटोतही ती दोन्ही हात जवळ घेऊन उभी आहे. तिने चाचपडत माझं मनगट पकडलं, जे मी त्या दिवशी तिचं पकडलं होतं तसंच घट्ट.

"मला पायरीची कड दिसत नाही," ती म्हणाली. "आली की सांग."

"आली," मी म्हणालो.

तिने पाय टाकला.